वडिलोपार्जित

'वडिलोपार्जित' हा शब्द कानावर पडला की माणसाच्या डोळ्यांपुढे चौसोपी वाडा येतो, आमराई येते, निदान कोर्टात वीस वर्षं पडून असलेला एखादा दावा तरी येतोच. आमच्या घराण्याकडे यांतलं काही नव्हतं. गावाला नारळाचं एक आगर होतं. त्याच्या सात-बाऱ्यावर नावं एकवीस आणि जमिनीवर माड सोळा. त्यामुळे वाटणीचा विषय निघाला की पाच जणांनी आपण होऊन उठून बाहेर जावं, अशी परिस्थिती. बाकी पूर्वजांनी आम्हांला जे दिलं ते सगळं अंगावरच दिलं. आजोबांचं नाक, पणजोबांचा राग, चारचौघांत छप्पर उडेल अशी शिंक देण्याची रीत, आणि पापण्यांच्या नाकाकडल्या कोपऱ्यात पिवळसर ठिपके.

या ठिपक्यांना आमच्याकडे 'लक्ष्मीची बोटं' म्हणत. लक्ष्मीनं हळदीचं बोट लावलेलं माणूस म्हणे पैशाला कधी कमी पडत नाही. आता आमच्या घरी लक्ष्मी नुसतं बोट लावून गेली, मुक्कामाला काही आली नाही. तरी अभिमान कायम. थोरल्या काकांच्या डोळ्यांपाशी तिशीतच ठिपके उगवले, तेव्हा त्यांनी त्या आनंदात लॉटरीची तिकिटं घ्यायला सुरुवात केली आणि पुढली एकोणीस वर्षं घेतली. लागलं काहीच नाही. विसाव्या वर्षी घ्यायला काकाच नव्हते.

कारण आमची दुसरी वडिलोपार्जित गोष्ट म्हणजे मरण. आमच्या घराण्यातले पुरुष 'पुण्यवान' म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. पुण्यवान म्हणजे अंथरुणाला न खिळता, कुणाची सेवा न घेता, डॉक्टरला एक रुपया न देता जाणारे. आजोबा १९५० साली जेवण करून झोपाळ्यावर बसले आणि त्यांनी पान मागितलं. आजीची सुपारी कातरून होईपर्यंत ते गेले होते. वय अठ्ठेचाळीस. थोरले काका गेले ते भजनात, हातातल्या झांजेसकट. हे तर पुण्याचं शेवटचं टोकच. वय एकोणपन्नास. आणि माझे वडील १९८३ साली कचेरीच्या मस्टरवर सही करून पेन खिशाला लावता लावता खाली बसले. वय एक्कावन्न. सही झालेली असल्यामुळे त्या दिवसाची रजा धरली नाही, असं त्यांच्या हेडक्लार्कनं आईला मुद्दाम येऊन सांगितलं. माणूस चांगला होता. त्याला दुसरं काय बोलावं ते सुचलं नसावं.

भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "काय मरण आलं हो! पुण्यवान माणूस!" आजी त्या वेळी पंचाहत्तरीला आलेली. नवरा आणि दोन मुलगे पोहोचवून बसलेली. ती कोपऱ्यातून एकदाच म्हणाली, "पुण्य सगळं त्यांनी घेतलं. पांढरी कपाळं आम्हांला ठेवली." त्यानंतर ती बाई आणखी अठरा वर्षं जगली. ती दुसऱ्या घराण्यातून आलेली होती. तिच्या रक्तात आमचं पुण्य नव्हतं.

मी तेव्हा दहावीत होतो. दादा कॉलेजात होता, त्यानं कॉलेज सोडलं आणि वडिलांच्या जागी नोकरीला लागला. त्यानं पहिल्या दिवशी सही केली ती त्याच मस्टरवर. याबद्दल तो कधीही बोललेला नाही. फक्त २०१४ साली वहिनीनं त्याचा एक्कावन्नावा वाढदिवस करायचा घाट घातला, तेव्हा दादा सकाळी उठून जो बाहेर पडला तो रात्री साडेअकराला घरी आला. श्रीखंड दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी वाटलं.

पुण्याचा खरा हिशेब लागला तो २०१६ साली. आमच्या ऑफिसात वर्षातून एकदा सगळ्यांचं रक्त काढत. मी एकोणपन्नास वर्षांचा होतो, वजन बेताचं, सिगारेट नाही. 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात त्या एलडीएलचा आकडा आला २४८. तो शंभराच्या आसपास असावा म्हणतात. मला वाटलं, शेजारच्या टेबलावरच्या गोडबोल्यांची बाटली आणि माझी बाटली बदलली. डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर त्यांनी रिपोर्ट बघितलाच नाही. माझ्या पापण्यांकडे टक लावून बघत राहिल्या. मी उगीच संकोचलो. मग म्हणाल्या, "बूट-मोजे काढा आणि पाठ करून उभे राहा." उभा राहिलो. त्यांनी टाचेच्या वरची शीर चिमटीत धरली आणि विचारलं, "ही अशी जाड घरात आणखी कुणाची आहे?"

मी म्हटलं, "सगळ्यांचीच. गावचे चांभार आमच्यासाठी चपला वेगळ्या मापाच्या करायचे."

बाई खूश झाल्या. डॉक्टर खूश झाला की आपण घाबरावं, हे मला तिथे कळलं. त्या म्हणाल्या, पापणीवरचे ठिपके कुणालाही येऊ शकतात, पण टाचेच्या शिरेत साठून बसलेलं हे जे आहे ते साधं नव्हे. लक्ष्मीची बोटं म्हणजे निव्वळ कोलेस्टेरॉल होतं. आणि काका त्याच्यावर लॉटरीची तिकिटं काढत होते!

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि आमची वंशावळ काढायला बसल्या. त्र्यंबकेश्वरी उपाध्यायांच्या वह्यांत आमचे पूर्वज आहेत, पण त्यांनी कोण जन्मलं एवढंच लिहिलं आहे. बाईंना कोण कसं गेलं ते हवं होतं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, हृदयानं गेलेला असला तर आत काळं करायचं. आजोबा काळे केले. काका काळे केले. वडील काळे केले. आत्याचं वर्तुळ आलं. ती साठाव्या वर्षी जिना चढताना गेली होती आणि घरात सगळे 'दमा होता' म्हणत. बाईंनी जरा विचार केला आणि तिथे एक प्रश्नचिन्ह काढलं. बायकांना हा रोग गाठतो तो बहुधा पुरुषांपेक्षा दहाएक वर्षं उशिरा, त्यामुळे त्यांच्या खाती तो लवकर जमा होत नाही. आत्याला पुण्यवान कुणी म्हटलेलं मला आठवत नाही.

आता भानगड काय आहे ती सांगतो. मला ती चार वेळा समजावून घ्यावी लागली, तुम्हांला एका वेळेत समजेल. रक्तातून फिरणारा एलडीएलचा माल मुख्यतः यकृत उचलतं. त्यासाठी यकृताच्या पेशींवर 'रिसेप्टर' असतात. म्हणजे आपल्या गल्लीत येणारी घंटागाडी समजा. ही गाडी कशी बांधायची त्याचा नकाशा एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो, आणि प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. आमच्या घराण्यात वडिलांकडून येणाऱ्या प्रतीत एका अक्षराचा घोटाळा. त्यामुळे निम्म्या गाड्या कारखान्यातून बाहेरच पडत नाहीत. कचरा जन्मल्या दिवसापासून रस्त्यात साचतो आणि चाळिशी-पन्नाशीत एक दिवस गल्ली बंद होते. मागे औषधं नव्हती तेव्हा असल्या पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना पन्नाशीच्या आत हृदयविकारानं गाठलेलं असे. आमचे तिघेही त्या निम्म्यांत निघाले. घराण्यात नियम पाळायची पद्धतच होती.

या प्रकाराला मराठीत सुटसुटीत नाव नाही. बाई 'एफएच' म्हणाल्या, मीही तेच म्हणतो. अडीचशे माणसांत एकाला हे असतं. म्हणजे पाचशे पानांच्या लग्नात दोघे जण जिलबीचा आग्रह स्वीकारत बसलेले असतात आणि बहुतेकदा त्या दोघांना पत्ताच नसतो. ही घंटागाडी शोधून काढली ती अमेरिकेत डॅलसला, ब्राऊन आणि गोल्डस्टीन या जोडगोळीनं, आणि त्याबद्दल त्यांना १९८५ साली नोबेल मिळालं. वडिलांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. औषधाची गोष्ट तर याहून चुटपूट लावणारी आहे. आकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं सहा हजारांच्या आसपास बुरशा नि जंतू तपासले आणि क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर बुरशीत त्याला हवं ते सापडलं. ते साल १९७३. आमच्या घरी तांदळाला बुरशी लागली की आई वाणीबुवांच्या सात पिढ्यांचा उद्धार करून तो तांदूळ परत पाठवायची. त्या घराण्यातलं पहिलं औषध अमेरिकेच्या बाजारात आलं १९८७ साली. एन्डो २०२४ साली नव्वदाव्या वर्षी वारले. कुठल्या जपानी देवळात माझ्या नावानं उदबत्ती लावता येत असेल तर मी लावीन, कारण त्यांच्या बुरशीच्या वंशातली गोळी मी रोज रात्री घेतो. ती यकृतातली कोलेस्टेरॉलची भट्टी मंद करते. मग यकृताला बाहेरून माल मागवावा लागतो आणि ते जी एक प्रत धड आहे तिच्या गाड्या जास्त सोडायला लागतं. जोडीला आणखी एक छोटी गोळी आहे, ती आतड्यात दाराशी उभी राहून कोलेस्टेरॉलला आत येऊ देत नाही. २४८ चे आता ९६ झाले आहेत. तूप मी आधीपासूनच सोडलेलं होतं. त्यानं आकडा हलला तो जेमतेम, याचं दुःख मात्र अजून आहे.

पूर्वजांनी काय द्यावं हे आपल्या हाती नसतं, पण दुसऱ्यांच्या पूर्वजांनी काय दिलं हे ऐकून पोटात दुखायचं राहत नाही. इटलीत गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचं हजारेक वस्तीचं गाव आहे. तिथला एक रेल्वेचा नोकर १९७० च्या दशकात मिलानच्या डॉक्टरांकडे आला. रक्तातले आकडे असे भयंकर, की हा जिना चढून वर कसा आला याचंच नवल वाटावं. चांगलं कोलेस्टेरॉल जवळजवळ नाहीच. आणि माणूस ठणठणीत! त्याच्या मुलांचंही तेच. मिलान विद्यापीठातल्या सिर्तोरी वगैरे मंडळींनी अख्ख्या गावाचं रक्त काढलं. चाळीसएक जणांत तोच चमत्कार सापडला, एका प्रथिनात एका अक्षराचा फरक, आणि त्यामुळे धमन्यांत कचरा साचू नये अशी काहीतरी दैवी व्यवस्था. चर्चमधली जुनी दप्तरं उलगडून माग काढला तर तो १७८० सालच्या एका जोडप्यापाशी जाऊन थांबला. त्या प्रथिनाचं औषध करण्याचे प्रयत्न पुढे फळले नाहीत, तेवढंच आम्हांला समाधान. पण १७८०! तेव्हा इकडे नाना फडणविसांचा अंमल होता, इंग्रजांशी लढाई चालू होती आणि आमचे पूर्वज कुठेतरी जमाखर्च लिहीत बसले असतील. एका अक्षराचा फरक त्यांच्याही हातून झाला. तो आमच्या नावे खर्ची पडला.

डॉक्टरीणबाईंनी तो काळ्या चौकोनांचा कागद माझ्या हातात दिला आणि सांगितलं, "आता तुमचे भाऊ, बहिणी, त्यांची मुलं, तुमचा मुलगा, सगळ्यांची रक्ततपासणी. प्रत्येक अपत्याला हे मिळण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखी."

मी लग्नाच्या अक्षता घेऊन घरोघर फिरलो आहे, पण रोगाची अक्षत घेऊन फिरण्याचा हा पहिलाच प्रसंग. माझ्या मुलाचं नाणं उताणं पडलं, तो सुटला. नागपूरच्या चुलत बहिणीनं फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे आगराच्या वाटणीसाठी तर नाही ना?" एका चुलतभावानं सांगितलं की आमच्याकडे लसूण खातात. आणि दादा म्हणाला, "आपल्यात असं काही नाही."

मी कागद पुढे केला. त्यानं बघितला. वडिलांच्या काळ्या चौकोनावर त्याचा अंगठा बराच वेळ होता. मग त्यानं कागदाची घडी घातली, माझ्या खिशात ठेवली आणि म्हणाला, "मी काय जाडा आहे का?"

जाडेपणाचा आणि आमच्या घोटाळ्याचा संबंध नाही, पण आपल्या लोकांच्या बारीकपणावर भरवसा ठेवू नये, ही गोष्ट मला बाईंनी सांगितली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा एक फोटो छापला होता. उंची-वजनाच्या सूत्रानं दोघेही अगदी सारखे, २२.३. पण आतली चरबी मोजली तर युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! शर्टाच्या आत काय चाललंय ते शर्टाला कळत नाही. मी हे दादाला सांगितलं. तो म्हणाला, "पुण्याच्या पाण्याचा गुण असेल."

वहिनीची अडचण वेगळी होती. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "भाऊजी, चिमीचं बघतोय. आधीच मंगळ आहे. त्यात हे कशाला? तिचं एकदा पार पडू दे, मग काय ती रक्तं काढा." त्या वेळी चिमी चोवीस वर्षांची होती आणि दाराआड उभी होती.

दादाची दोन मुलं. धाकटा बंड्या म्हणजे वडापावचा चालता-फिरता कारखाना, पोट त्याच्या आधी दोन मिनिटं खोलीत शिरतं. चिमी पहाटे उठून पळणारी, कोशिंबिरीवर जगणारी, शिडशिडीत. चिमीनं कुणाला न विचारता आपल्या पगारातून दोघांचंही रक्त तपासून घेतलं. बंड्याचं एलडीएल ९८. चिमीचं २३६.

न्याय वगैरे या प्रकरणात शोधू नये. माणसाच्या राहणीला काही किंमत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. पंचावन्न हजारांवर माणसं तपासून २०१६ सालीच एक निष्कर्ष आला, की ज्यांच्या जनुकांची गोळाबेरीज वाईट आहे त्यांनीसुद्धा धड खाल्लं, हिंडलं-फिरलं, सिगारेट सोडली, तर धोका निम्म्याच्या आसपास उतरतो. पण ती किरकोळ किरकोळ पन्नासएक फरकांच्या बेरजेची गोष्ट. आमचा एकच, पण तगडा. आणि त्याला मुलगा-मुलगी हा भेद ठाऊक नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना बरोबरीचा वाटा द्यायला महाराष्ट्राला १९९४ उजाडलं आणि दिल्लीला २००५. जनुक हा वाटा पहिल्यापासून इमानानं देत आलं आहे.

चिमीनं रिपोर्ट दादाच्या ताटाशेजारी ठेवला. दादा जेवायचा थांबला. आकडा वाचून त्याला काही कळलं नसावं, पण चिमीनं फार सोपं करून सांगितलं. "बाबा, हे मला आईकडून आलेलं नाही, मी तिचंही तपासलं. म्हणजे तुमच्याकडून आलं. म्हणजे ते तुमच्यात आहे."

दादा तीस वर्षं जे कुणाला बोलू देत नव्हता ते त्याच्या लेकीनं आमटीच्या वाटीपाशी दोन वाक्यांत बोलून टाकलं. तो हात धुऊन गॅलरीत गेला. वहिनी मागोमाग निघाली, तर चिमीनं तिला थांबवलं आणि स्वतः गेली. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा उपाशीपोटी प्रयोगशाळेच्या बाकावर बसलेला होता.

त्याचा आकडा २६१ निघाला. पुढे अँजिओग्राफीत तीन जागी रस्ता जवळजवळ बंद. सर्जन म्हणाले, "तुम्हांला चालताना छातीत काही होत नव्हतं?" दादा म्हणाला, "होत होतं. पण मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही." २०१७ च्या जानेवारीत बायपास झाली. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, म्हणजे वडिलांपेक्षा तीन वर्षांनी मोठा होऊन. शुद्धीवर आल्यावर त्यानं डोळे उघडले, आम्हां सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "म्हणजे मी पुण्यवान नाही तर."

वहिनी म्हणाली, "नाही. आणि व्हायचंही नाही."

राहिला चिमीचा प्रश्न. तिनं घरात जाहीर केलं की मंगळ दाखवता तसा हा आकडाही पहिल्या भेटीतच दाखवायचा. दोन स्थळं त्यावर गप्प झाली. एकानं 'विचार करून कळवतो' म्हणून सांगितलं, ते अजून विचार करताहेत. तिसऱ्या मुलाला तिनं हॉटेलात कॉफी पिताना सांगितलं, तर तो सरळ बसला आणि म्हणाला, "माझ्या वडिलांची बायपास झाली तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते. ही तपासणी कुठे करतात?"

चिमी त्याला तिथूनच बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी समजावलं की एकाला असलं तर सांभाळता येतं, गोळ्या आहेत, बाळंतपणाच्या वेळी त्यांतली नेहमीची गोळी बहुधा थांबवतात, सगळं आधी विचारून करायचं. पण नवरा-बायको दोघांकडेही हे निघालं, तर प्रत्येक मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारात एक, आणि असल्या मुलांना लहानपणीच झटका येऊ शकतो. त्या मुलानं तिथल्या तिथे बाही वर केली. रिपोर्ट यायला दुसरा दिवस उजाडला. त्या रात्री आमच्या दोन्ही घरांत कुणी झोपलं असेल असं मला वाटत नाही. बंड्यानंसुद्धा वडापाव अर्धा ठेवला.

आकडा आला ११२.

पुढच्या रविवारी बैठक झाली. मुलाकडल्यांनी त्याचा रिपोर्ट आणला होता, वर वडिलांच्या बायपासची जाडजूड फाईलही, कारण त्यांचं दुखणं सिगारेटचं आणि मधुमेहाचं निघालं होतं आणि ते त्यांना आम्हांला कागदोपत्री दाखवायचं होतं. दादानं चिमीचा रिपोर्ट काढला आणि दोन्ही पाटावर शेजारी शेजारी ठेवले. वहिनी आतून तबक घेऊन आली. तिनं चष्मा लावलेला नव्हता. पाटावर दोन कागद बघितले आणि सवयीनं दोन्हींच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटं लावून मोकळी झाली.